जुन्या गाडीचे तांबडे डोळे: कारापूरच्या रस्त्यावरून



आपल्याकडे देवळं, वाडे, शाळा, नाटकं यांच्या आठवणी पुष्कळ लिहून झाल्या. आज जरा वेगळाच विषय घेतोय. जुन्या मोटारीच्या मागे दोन बाजूंना तांबडे तुकडे असतात, ज्यांना आपण सरळ रिफ्लेक्टर म्हणतो, ते. आणि पुढच्या दिव्याच्या आत जी चकचकीत वाटी असते, तीही. दोघांचं काम एकच, पडलेला उजेड परत फेकायचा. तडा गेला, पाणी शिरलं, मुलामा उडाला, की दोन्ही निकामी होतात. ते पुन्हा जिवंत कसे करायचे हे सांगायचंच आहे. पण त्याआधी थोडा इतिहास सांगतो, कारण कारापूर, साखळी, डिचोली या आमच्या पट्ट्यात या तुकड्यांनी बरंच काही पाहिलंय.

गाड्या आल्या कशा

आमच्या भागात मोटारी वाढल्या त्या खाणींबरोबर. पन्नासच्या दशकात गोव्याचं लोहखनिज जपानकडे जाऊ लागलं आणि डिचोली तालुक्यातले डोंगर उकरायला सुरुवात झाली. भारताने तेव्हा गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती, पण समुद्रमार्गे परदेशी माल येत होता. मर्सिडीज, ओपेल, फोक्सवागन, मॉरिस अशा गाड्या गोव्यात उतरत होत्या. खाणमालक, डॉक्टर, मोठे भाटकार, टॅक्सीवाले यांच्याकडे त्या असायच्या. बाकी सगळा गाव कारेरीने, बैलगाडीने नाहीतर पायी.

पणजीला जायचं म्हणजे बेतीला गाडी फेरीबोटीवर चढवायची. मांडवीवरचा पूल १९७० मध्ये आला. त्यामुळे संध्याकाळी पणजीहून निघालेला माणूस घरी पोचेपर्यंत काळोख ठरलेलाच. खेड्यांतून वीज पसरली ती बहुतेक मुक्तीनंतर, हळूहळू. कारापूर तिस्कावर समोरून गाडी येतेय हे आधी झाडांच्या शेंड्यांवरच्या उजेडावरून कळायचं आणि मग आवाज यायचा, असं जुनी माणसं सांगत.

एक गंमत इथेच सांगून ठेवतो, पुढे कामाला येईल. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची उजवी बाजू धरली. गोव्यात मात्र वाहतूक डावीकडूनच राहिली, कारण शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान होता आणि तिकडे सगळे डावीकडून चालत.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि भारताचे आयातीचे नियम इकडेही लागू झाले. परदेशी गाड्या रस्त्यावर राहिल्या, त्यांचे सुटे भाग मात्र मिळेनासे झाले. नवी गाडी हवी तर उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर किंवा कुर्ल्याची फियाट, आणि तिच्यासाठीही नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. मग असलेली गाडीच जपायची सवय लागली. ओपेलच्या फुटलेल्या दिव्याजागी ॲम्बेसेडरचा दिवा बसव, पत्रा कापून रिंग कर, रबराच्या जागी सायकलची ट्यूब घाल, असे उद्योग डिचोली, म्हापशाच्या गॅरेजांत रोजचेच होते. आजच्या मुलांना तो जुगाड वाटेल. त्या वेळी दुसरा इलाजच नव्हता.

चांदीची वाटी आणि तांबडा खडा

अगदी सुरुवातीच्या मोटारींना कार्बाइडचे दिवे असायचे. मग विजेचे आले. बल्ब चारही दिशांना उजेड टाकतो, रस्त्याला मात्र तो एका दिशेनेच हवा असतो. म्हणून बल्बच्या मागे पितळेची किंवा पत्र्याची वाटी, आणि तिला आतून चांदीचा मुलामा. चांदी तिच्यावर पडलेला साधारण ९५ टक्के उजेड परत फेकते. खोट एवढीच की हवेतल्या गंधकाने ती काळी पडते. घरातली चांदीची निरांजनं काळी पडतात, तशीच ही वाटी. पुढे निर्वात भांड्यात ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा अगदी पातळ थर देण्याची रीत आली. १९४० च्या सुमारास अमेरिकेत आतून असाच थर दिलेले, कायमचे बंद असलेले सात इंची गोल दिवे सर्रास झाले. तेच सात इंची माप आपल्या ॲम्बेसेडरला, जीपला आणि बुलेटलाही मिळालं. म्हणून आजही त्या मापाचा दिवा कुठल्याही दुकानात मिळतो.

मागच्या तांबड्या रिफ्लेक्टरची कथा वेगळी. त्याच्या मागे बल्ब नाही, तार नाही, बॅटरी नाही. पुढची बाजू गुळगुळीत. पाठीमागून भिंगातून पाहिलंत तर खोलीच्या कोपऱ्यासारखे बारीक बारीक कोपरे दिसतील, तीन भिंती एकमेकींना काटकोनात मिळतात ना, तसे. उजेड आत येतो, तिन्ही भिंतींवर आपटतो आणि जिथून आला तिकडेच परत जातो. मागून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटचा उजेड त्याच गाडीच्या ड्रायव्हरकडे परत जातो. म्हणून त्याला तो तुकडा पेटल्यासारखा दिसतो, आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला काहीच दिसत नाही.

गाडीचे बाकी सगळे दिवे गाडी चालू असताना उपयोगी. रिफ्लेक्टर एकटाच असा, की गाडी बंद पडली, बॅटरी उतरली, ड्रायव्हर मदत शोधायला गेला, तरी कामावर असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी चारचाकीच्या मागे दोन तांबडे रिफ्लेक्टर सक्तीचे केलेत ते यासाठी.

तांबडी धूळ आणि मृगाचा पाऊस

आता आमच्या पट्ट्याकडे या. ज्यांनी खाणींचा काळ पाहिलाय त्यांना सांगायला नको. डिचोली, साखळी, कारापूर, नावेली, आमोणा, सगळीकडे ट्रकांच्या रांगा. झाडांची पानं तांबडी, घरांची कौलं तांबडी, वाळत घातलेले कपडे तांबडे. चीनची मागणी वाढल्यावर तर कहर झाला. २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून ५ कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर गेलं.

ही धूळ म्हणजे लोहखनिजच, आणि ते प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी कठीण. ट्रकचा क्लीनर सकाळी कोरड्या फडक्याने मागचे दिवे खसाखसा पुसायचा, तेव्हा तो खरं तर त्यावर पॉलिश पेपरच मारत असायचा. दोन वर्षांत तांबडी काच दुधाळ व्हायची. त्यात ट्रकांचे हादरे. स्क्रू जिथे आवळलेला असतो तिथून केसासारखा तडा निघायचा.

आणि मग पाऊस. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. तडा गेलेल्या रिफ्लेक्टरच्या पाठीमागे पाणी शिरतं. नेमकं काय होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळी दुरुस्ती यावरच ठरते.

ते बारीक कोपरे उजेड परत फेकतात कारण त्यांच्या पाठीमागे हवा असते. ॲक्रिलिक आणि हवा यांच्या सीमेवर उजेड ४२ अंशांपेक्षा जास्त तिरका आला तर तो बाहेर न पडता पूर्ण आत वळतो. समोरून सरळ आलेला उजेड या भिंतींवर सुमारे ५५ अंशांनी पडतो, म्हणजे काम फत्ते. पाठीमागे हवेऐवजी पाणी आलं की तीच मर्यादा ६३ अंशांवर जाते. ५५ अंशांनी आलेला उजेड सरळ पाण्यात निघून जातो. रिफ्लेक्टर दिवसा तांबडाच दिसतो, सुंदर दिसतो. रात्री तो आंधळा असतो. ज्या महिन्यांत त्याची सर्वांत जास्त गरज, नेमका त्याच महिन्यांत.

नव्वदच्या दशकातल्या एका पावसाळ्यात आमच्या ओळखीतला एक मुलगा स्कूटरवरून रात्री डिचोलीकडून घरी येत होता. वीज गेलेली, पावसाची झड. कडेला बंद पडलेला ट्रक उभा होता, मागे रिवाजाप्रमाणे दोन दगड आणि आंब्याची डहाळी टाकलेली. ट्रकचे रिफ्लेक्टर जागेवर होते, पण तडकलेले आणि चिखलाने माखलेले. हा थेट मागे जाऊन आदळला. वाचला, पण पाय कायमचा आखूड झाला. आज त्याला नातवंडं आहेत आणि तो अजून त्याच पायाने देवळाच्या पायऱ्या चढतो. दुसऱ्या दिवशी सगळे ट्रकवाल्याला, पावसाला, वीजखात्याला बोलले. रिफ्लेक्टरचं नाव कुणी काढलं नाही. आमच्या काकांनी मात्र त्याच आठवड्यात आपल्या ॲम्बेसेडरचे मागचे दोन्ही रिफ्लेक्टर उघडले.

मागचा रिफ्लेक्टर कसा दुरुस्त करावा

काकांची ती गाडी आता माझ्याकडे आहे, नंबरपाटी जुन्या ‘जीडीए’ मालिकेतली. तिच्यावर मी आणि साखळीचे एक वयस्कर मेस्त्री, दोघांनी मिळून जे काम केलं त्यावरून सांगतो.

पहिली गोष्ट, परीक्षा रात्री करा. गाडी अंधारात उभी करा, पंधरा-वीस पावलं मागे जा आणि बॅटरी कानशिलाला टेकवून धरा. कमरेजवळ धरलीत तर उपयोग नाही, कारण उजेड बॅटरीकडे परत येतो आणि डोळा वर राहतो. डाव्या-उजव्या रिफ्लेक्टरची तुलना करा. एक पेटतो आणि दुसरा मलूल, म्हणजे त्यात पाणी, धूळ किंवा जुना गोंद आहे.

दुसरी गोष्ट, काढताना घाई नको. तीस-चाळीस वर्षांचं ॲक्रिलिक बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं. स्क्रूंना आदल्या दिवशी तेल सोडा. सुटल्यावर कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घालून तासभर भिजवा. पाठीमागच्या कोपऱ्यांना जुना मऊ टूथब्रश चालेल, घासणी नाही. पेट्रोल, थिनर, स्पिरिट यांना हात लावू नका. त्यांनी ॲक्रिलिकवर जाळीसारखे बारीक तडे येतात.

नंतर पूर्ण वाळवा. पूर्ण म्हणजे पूर्ण. कडक उन्हात दोन दिवस, नाहीतर हेअर ड्रायर लांबून. जवळून नको, ॲक्रिलिक मऊ पडून वाकतं.

आता तडा. आपल्याकडे सवय काय? एपॉक्सी घ्यायचं आणि मागून भरभरून लिंपायचं. हेच करू नये. पाण्याने जे होतं तेच गोंदाने होतं, कोपऱ्यांच्या मागची हवा जाते आणि तेवढा भाग कायमचा आंधळा होतो. एपॉक्सी पुढे पिवळंही पडतं. मागून चंदेरी रंग मारायचा प्रकारही पाहिलाय, त्यानेही आतलं परावर्तन मोडतं. नावाच्या पाट्या आणि ट्रॉफ्या बनवणारे कारागीर ॲक्रिलिक जोडायला क्लोरोफॉर्म वापरतात. त्याचा एखादा थेंब बारीक सुईने पुढच्या बाजूने तड्यात सोडला की तो आपोआप आत ओढला जातो आणि दोन्ही कडा एकमेकींत विरघळून सांधतात. हे काम त्या कारागिराकडूनच करून घ्या. त्याची वाफ वाईट, बंद खोलीत तर मुळीच नको.

पुढची बाजू दुधाळ झाली असेल तर १०००, मग १५००, मग २००० नंबरचा वॉटर पेपर, भरपूर पाणी घालून, आणि शेवटी कापडावर रबिंग कंपाउंड. फक्त पुढची बाजू. मागच्या कोपऱ्यांच्या धारा बोथट झाल्या की संपलं.

बसवताना रबर पॅकिंग नवं घाला. रिफ्लेक्टरची पाठ पूर्ण बंद हवी, पाण्याला वाटच नको. पण टेललाइटच्या डब्याला खाली बारीक भोक असतं, ते बुजवू नका. डब्यात दमटपणा येणारच, त्याला जायला रस्ता पाहिजे. कित्येक जण हौसेने सगळीकडे सिलिकॉन मारतात आणि आत तळं करून ठेवतात.

आणि कोपरेच फुटले असतील, तुकडा गायब असेल, तर ते दुरुस्त होत नाहीत. मुंबईच्या चोर बाजारात, कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे, म्हापशाच्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांत शोधा. मिळाला नाही तर जुना तुकडा शोभेला ठेवा आणि बंपरखाली दोन नवे छोटे रिफ्लेक्टर लावा. गाडीचं रूप बिघडत नाही आणि मागचा माणूस वाचतो. आमच्या मेस्त्रींचं मत असं की डोळे गेलेल्या माणसाला काळा चष्मा शोभतो, पण हातात काठी द्यावीच लागते.

पुढची वाटी

हेडलाइट मंद वाटला की लोक लगेच वाटीला दोष देतात. आधी अर्थ तपासा. जुन्या गाडीत गंजलेल्या जोडांमुळे बल्बपर्यंत वीज पुरी पोचत नाही. दाब दहा टक्क्यांनी घटला तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. पॉलिश पेपरने जोड घासून जाड तार टाकली की अर्धं दुखणं तिथेच बरं होतं.

वाटीवर ॲल्युमिनियमचा थर असेल तर बोटसुद्धा लावू नका. हलकी फुंकर, फार तर डिस्टिल्ड वॉटरने धुणं, बस. पुसायला गेलात तर थरच फडक्यावर येईल. चांदीची जुनी वाटी अगदी हलक्या हाताने एखाद्या वेळी उजळता येते, पण तिचा मुलामाही पातळ असतो, दर दिवाळीला घासायचं ते भांडं नव्हे.

थर गेलाच असेल तर पुष्कळ जण वाटी बंपरवाल्याकडे क्रोम करायला देतात. घरी आणली की आरशासारखी चमकते, मालक खूश. पण क्रोम साधारण ६५ टक्केच उजेड परत फेकतो. चांदी ९५, ॲल्युमिनियम ९० च्या आसपास. म्हणजे पैसे मोजून तिसरा हिस्सा उजेड घालवला. चंदेरी स्प्रे तर त्याहून वाईट, उजेड नुसता पसरतो, झोत बनतच नाही. खरा इलाज म्हणजे पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत निर्वात पद्धतीने ॲल्युमिनियम चढवून घेणं. सात इंची दिवा असेल तर सरळ नवा हॅलोजनचा दिवा आणून जुनी रिंग वर बसवावी. मात्र ५५-६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे दहा अँपिअरच्या आसपास प्रवाह, तो जुन्या स्विचमधून नेऊ नका, रिले टाका.

आणि ती डाव्या-उजव्याची गंमत. युरोपात १९५७ पासून असे दिवे आले की डिपवर झोत कडेच्या बाजूला थोडा वर चढतो, म्हणजे पायी चालणारा दिसावा. उजवीकडून गाड्या चालणाऱ्या देशात तो झोत उजवीकडे चढतो. आज जुन्या मर्सिडीज-फोक्सवागनचे शौकीन जर्मनीहून हौसेने अस्सल काच मागवतात. ती आपल्या रस्त्यावर लावली तर झोत सरळ समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. अशी काच इंग्लंडच्या बाजारासाठी बनवलेली शोधावी, तिथेही आपल्यासारखे डावीकडून चालतात.

हे सगळं कशासाठी

२०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, मध्ये थोड्या चालल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद झाल्या. कित्येक घरांसमोर ट्रक उभेच राहिले, चाकांत गवत वाढलं. त्या ट्रकांच्या कर्जांचं आणि त्या घरांचं दुःख हा वेगळा विषय, त्यावर लिहिणारे आपल्यात आहेत. मी एवढंच पाहिलं की रात्री समोरून गाडी आली की अंगणातल्या मेलेल्या ट्रकाचे रिफ्लेक्टर क्षणभर पेटायचे.

आता रस्ते बदलले. चोर्ला घाटातून बेळगावची वाहतूक रात्रंदिवस साखळीवरून जाते, आणि पावसात घाटात धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. आषाढी एकादशीला वाळवंटीकाठच्या विठ्ठलापूरला गावोगावच्या दिंड्या पायी येतात, कित्येक पहाटेच्या काळोखात निघालेल्या. त्या रस्त्यांवर आपली जुनी गाडी आपण मिरवायला काढतो.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय केली. पुष्कळ घरांतून ताडपत्रीखालच्या गाड्या बाहेर येतायत. रंग होतो, क्रोम होतं, सीटला नवं कापड लागतं. फोटो दिवसा काढले जातात, म्हणून मागचे तांबडे तुकडे तपासायचं कुणाच्या मनात येत नाही. गाडीचा रंग आपल्यासाठी, हॉर्न आपल्यासाठी, पुढचा उजेडही बराचसा आपल्यासाठीच. त्या मागच्या दोन तुकड्यांचा आपल्याला स्वतःला कधीच उपयोग होत नाही, ते सगळे मागून येणाऱ्या अनोळखी माणसाचे. काकांनी ते उघडले तेव्हा शेजाऱ्यांनी विचारलं होतं, चालणाऱ्या गाडीत काय बिघडलं म्हणून. काकांनी उत्तर दिलं नाही, स्क्रूवर तेल सोडत राहिले.

तर मंडळी, कुणाच्या घरी जुनी फियाट, ॲम्बेसेडर, मॉरिस, जीप अजून असेल तर आज रात्री जेवण झाल्यावर बॅटरी कानशिलाला लावून एकदा तिच्या मागे उभे राहा. दोन्ही डोळे पेटतात का ते इथे लिहा. आणि साखळी, डिचोली, पेडण्याच्या जुन्या गॅरेजांच्या, कारेरींच्या, बेतीच्या फेरीबोटीच्या आठवणी असतील तर त्याही येऊ द्या. जुने फोटो असतील तर सोन्याहून पिवळं. मृग लागायच्या आत स्क्रूंना तेल मात्र सोडून ठेवा.